विकणे आहे : गोल जिन्याचं घर

'दादर पूर्व, हिंदू कॉलनी. १९३०च्या दशकातली इमारत, दुसरा मजला. मूळ रंगीत टाइल्स, सागवानी दारं-खिडक्या, मागच्या बाजूला लोखंडी गोल जिना. पागडी. डागडुजी आवश्यक. जुन्या घरांची आवड असणाऱ्यांनीच चौकशी करावी.'

एजंटने लिहिलेली ही जाहिरात मावसभावाने घरच्या ग्रुपवर टाकली. मावशी जाऊन वर्ष झालं होतं, घर बंद होतं, मोरीच्या छतातून गळत होतं. विकायचं ठरलं होतं, त्याबद्दल वाद नव्हता. पण जाहिरात वाचताना वाटलं, यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दामागे या शहराचा शंभरेक वर्षांचा इतिहास आहे आणि तो कोणत्याच गिऱ्हाइकाला कोणी सांगणार नाही.

सुरुवात 'दादर'पासून करू. १८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाला आणि दाटीवाटीच्या चाळी कशा जीवघेण्या ठरतात हे सरकारला मान्य करावं लागलं. १८९८च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते काढणं, गलिच्छ वस्त्या पाडणं आणि शहराच्या उत्तरेला नवी वस्ती वसवणं ही त्याची कामं. दादर-माटुंग्याच्या शेतजमिनींवर आखीव रस्ते नि प्लॉट पडले ते या योजनेत. मात्र आखणी आणि वस्ती यांच्यात बराच काळ गेला. इमारती भराभर उभ्या राहिल्या त्या विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत. गिरगावातल्या दोन खोल्यांत राहणारे कारकून, शिक्षक, वकील इकडे सरकले.

ते सरकले ते एका नव्या वस्तूसाठी. तिचं नाव ब्लॉक. चाळीत खोली आपली, पण नळ, गॅलरी आणि संडास सगळ्यांचे. ब्लॉकमध्ये हे सगळं एका दाराच्या आत. आज यात विशेष वाटत नाही. पण ज्या घरांत संडासाला जाऊन आल्यावर कपडे बदलायची पद्धत होती, त्या घरांना संडास स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर आणायचा होता. तो कुठे आणायचा, हा प्रश्न आर्किटेक्टला सोडवावा लागला. त्याच्या उत्तराकडे शेवटी येते.

आता टाइल्स. मावशीच्या बैठकीतली हिरवी-तांबडी नक्षीची फरशी फोटोत फार छान दिसते. सिमेंटच्या अशा टाइल्स आधी परदेशातून यायच्या. १९२२ साली मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्सची सुरुवात झाली ती स्वदेशीच्या प्रेरणेने. म्हणजे त्या काळात बैठकीतली फरशी हीसुद्धा चळवळीची गोष्ट होती. मावशीला मात्र ती पुसायला सोपी, एवढंच तिचं महत्त्व.

पुढचा शब्द 'पागडी'. मुंबईबाहेरच्या माणसाला तो समजावणं कठीण जातं. आमच्या आजोबांनी हे घर कधीच विकत घेतलं नव्हतं. ते भाडेकरू होते. युद्धकाळात भाडी भडकली, आणि १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने ती सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली. उपाय तात्पुरता होता, पण मुदत वाढवत वाढवत अर्धं शतक टिकला. भाडं गोठलं, घराची किंमत मात्र गोठली नाही. या दोन आकड्यांमधल्या दरीत पागडी वाढली. भाडेकरू आपला हक्क दुसऱ्याला देणार, त्या रकमेतला ठरलेला वाटा, बहुधा तिसरा हिस्सा, मालकाला देणार, आणि मालक नव्या नावाने पावती फाडणार. १९४७च्या कायद्याने असे पैसे घेणं गुन्हा होता, आणि व्यवहार तर सगळं शहर करत होतं. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडी अशी गोठवून ठेवणं आता अवाजवी झालं आहे. मग १९९९चा नवा कायदा आला, ३१ मार्च २०००पासून लागू झाला आणि पागडीला कायद्यात जागा मिळाली. तेव्हा आमच्या जाहिरातीत 'विकणे' हा शब्द आहे खरा, पण विकली जाते ती भाडेपावती.

'डागडुजी आवश्यक' हे याच गोष्टीचं पुढचं वाक्य. महिन्याला जेमतेम रिक्षाभाड्याएवढं भाडं घेणारा मालक गच्ची कशाला दुरुस्त करेल? आणि जी भिंत आपली नाही तिच्यावर भाडेकरू तरी किती खर्च करेल? सत्तरीच्या सुमारास इमारती कोसळायला लागल्या तेव्हा सरकारने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढलं. तेच पुढे म्हाडात आलं. सुरुवातीला त्याच्याकडे १९,६४२ इमारती होत्या. लाकडी वाशांना दिलेले लोखंडी टेकू ही त्या मंडळाची शहरभरची खूण. दोष मालकाचा की भाडेकरूचा, यावर आमच्या घरात दर दिवाळीला भांडण व्हायचं. मला वाटतं, दोघंही आपापल्या हिशोबाने शहाणपणाने वागले आणि घर मोडकळीला आलं.

राहिला गोल जिना. एजंटने त्याचा फोटो पहिला टाकलाय. गंजलेला, वेलीने वेढलेला, दिसायला देखणा. चौकशी करणारे सगळे आधी त्याच्याबद्दलच विचारतात. एका तरुण जोडप्याला तिथे कुंड्या मांडायच्या आहेत.

तो जिना म्हणजे आर्किटेक्टचं उत्तर. संडास घराच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, आणि त्याला बाहेरून येणारी वेगळी वाट. सफाई करणारी व्यक्ती पुढच्या जिन्याने चढणार नाही, घरात पाऊल टाकणार नाही, मागच्या घरगल्लीतून येऊन गोल जिन्याने वर जाईल आणि तशीच खाली उतरेल. ही रीत फक्त घराघरांपुरती नव्हती. १८८८च्या मुंबई महापालिका कायद्यात घरगल्लीची व्याख्याच आहे. संडास साफ करणाऱ्यांना पोहोचता यावं म्हणून राखलेली चिंचोळी जागा, असा तिचा अर्थ. त्याच कायद्यात घरपट्टीबरोबर 'हलालखोर कर' होता. म्हणजे शिवाशिव आधी कायद्यात लिहिली गेली, मग नकाशात काढली गेली, मग लोखंडात ओतली गेली. फ्लश आला, ड्रेनेज आलं, राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केली. जिना तिथेच राहिला, आणि सत्तरीपर्यंत वापरातही होता.

मी आईला विचारलं, "त्या जिन्याने कोण यायचं, आठवतं?"

"एक बाई यायची. सकाळी दहाच्या सुमाराला. कडी वाजवायची, मग आम्ही बादलीने पाणी ओतायचो. वरून."

"नाव काय तिचं?"

आई बराच वेळ गप्प राहिली. तिला दूधवाल्या भय्याचं नाव आठवतं, इस्त्रीवाल्याच्या मुलांची नावं आठवतात, खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याचंसुद्धा. "आम्ही कधी विचारलंच नाही गं," ती म्हणाली.

मी मावसभावाला फोन केला. म्हटलं, जाहिरातीत जिन्यापुढे एक ओळ घाल. तो वैतागला. "ताई, गिऱ्हाईक पळेल. आणि काय लिहू?" त्याचं चुकत नव्हतं. पैशांची गरज त्याला आहे, मला नाही.

शेवटी जाहिरात आहे तशीच राहिली. पण त्या कुंड्यांच्या जोडप्याला घर दाखवायला मी गेले होते, तेव्हा मागचं दार उघडून त्यांना हे सगळं सांगितलं. मुलगी कठड्यावरचा हात काढून घेऊन थोडा वेळ खाली घरगल्लीकडे बघत उभी राहिली. मग तिने विचारलं, "मग हा काढून टाकावा का?"

मी म्हटलं, ठेवा. पण कोणी विचारलं तर सांगा.