नदीखोऱ्यातील सायकल सहल

नदीच्या उताराच्या दिशेने, रोज थोडे अंतर कापत आणि वाटेतल्या गावांत मुक्काम करत केलेला काही दिवसांचा प्रवास. युरोपात डॅन्यूबकाठी पासाऊ ते व्हिएन्ना अशी खास सायकलवाट आहे. विदर्भात ती चैन नाही. इथे राज्यमार्ग, गावरस्ते आणि ट्रक यांच्याशीच जुळवून घ्यावे लागते.

नागपुरातल्या धंतोलीहून निघणाऱ्याला पहिली नदी पंचशील चौकातच भेटते. सांडपाण्याने काळवंडलेली नाग पुढे कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला. आंभोऱ्याला टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच रचला, असे एक मत. अंबेजोगाईकरांना ते अर्थातच मान्य नाही. नदीवरचा नवा केबलचा पूल नागपूर आणि भंडारा जिल्हे जोडतो.

पुढचा मुक्काम पवनी. तटबंदीचे हे गाव, जगन्नाथ टेकडीवरचा प्राचीन बौद्ध स्तूप आणि जवळचे गोसीखुर्द धरण, यांसाठी एक आख्खा दिवस राखावा. अंगात दम असेल त्याने गडचिरोलीतल्या मार्कंडा मंदिरसमूहापर्यंत जावे. तिथे वैनगंगा उत्तरेकडे वळते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी; मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. धानकापणीनंतर रस्त्याकडेला वाळवण पसरलेले असते, त्यावरून चाक नेऊ नये. बाभळीच्या काट्यांसाठी जादा ट्यूब, पंप लागतोच. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यालगतचा टप्पा मात्र दिवसाउजेडीच उरकावा, कारण तिथे वाघ आहेत.