घोडीची आई कोण?

आमच्या वऱ्हाडात नवरदेव घोडीवर बसतो, पण ती घोडी कोणाच्या पोटची हे वरातीतलं कोणी विचारत नाही. पांढरी आहे, नाचते, बस्स. अरबस्तानातल्या बेदुईनांचा पहिला प्रश्न मात्र हाच असायचा.

कुहैलान, सकलावी, उबय्यान, हमदानी, हदबान ही त्यांच्या घोड्यांची नावाजलेली घराणी. बाप असील, म्हणजे शुद्ध रक्ताचा, लागायचाच. पण शिंगराला घराणं मिळायचं आईचं. म्हणून बेदुईन घोडी सहसा विकत नसत, नर विकत. लेडी अ‍ॅन आणि विल्फ्रिड ब्लंट या जोडप्याला घोड्या हव्या होत्या, तर त्यांना थेट वाळवंटातल्या तंबूंपर्यंत जावं लागलं. 1878 साली त्यांनी इंग्लंडात क्रॅबेटचा स्टड उभा केला.

आपल्याकडे अरबी घोडा समुद्रमार्गे फार पूर्वीपासून येतोय. तेराव्या शतकात मार्को पोलो लिहून गेलाय की ठाण्याच्या राजाचा चाच्यांशी करारच होता: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल तुमचा! पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईत अरब सौदागरांचे तबेले होते. पण जहाजातून उतरायचे ते बहुतेक नरच.

याच अरबी-तुर्की नरांचा आणि दख्खनी घोड्यांचा संकर म्हणजे भीमथडी, असं मानतात. भीमेच्या थडीचा, म्हणजे काठचा घोडा. बुटका, काटक, कमी चाऱ्यावर भागवणारा. मराठ्यांची घोडदौड झाली ती याच्याच जिवावर. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी; घोडा मेला आणि दुसरा घेता आला नाही, तर शिलेदाराचा बारगीर व्हायचा. इतकं त्या जनावरावर अवलंबून होतं. तरी आपली अश्वपरीक्षा पाहायची रंग आणि भोवरे. पंचकल्याणी आहे का, भोवरा शुभ आहे का, वगैरे.

साहेबांचंही तेच. 1803 च्या सप्टेंबरात असईच्या लढाईत वेलस्लीच्या डायोमीड नावाच्या अरबी घोड्याला भाला लागला. (दोनच महिन्यांनी हाच वेलस्ली आमच्या अकोल्याकडे अडगावला लढला आणि मग गाविलगडावर चढला.) डायोमीड त्याला कर्नल अ‍ॅस्टनकडून मिळाला होता, हे इतिहासात नीट नमूद आहे. त्याच्या आईला मात्र गोष्टीत जागा नाही.

आता बेदुईनांचा हिशोब भीमथडीला लावून पाहा. बाप परदेशी असेल, पण घराणं आईचं, म्हणजे इथल्याच मातीचं! आणि या घोड्या सांभाळल्या कोणी? सरदारांच्या पागा मोडल्या, पण पुणे-नगर-सोलापूरकडच्या धनगरांनी मेंढरांमागे फिरताना त्या जवळ ठेवल्या. पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू. दिसायला रुबाब नाही, म्हणून तज्ज्ञांनी कैक वर्षं त्यांना नुसती तट्टं समजून सोडून दिलं. राजा बढे यांच्या गीतातून आपण त्याच तट्टांचा अभिमान गात होतो, ते वेगळं. 2023 साली ते गीत राज्यगीत झालं आणि 2023-24 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली.

नोंदीत उंची, रंग, बांधा येतो. कोणती घोडी कोणाच्या पोटची, हे वाड्यावरच्या म्हाताऱ्या धनगराला विचारावं लागेल. आणि त्याचा मुलगा आता बिऱ्हाड टेम्पोत घालून नेतो.