पायांखालची जमीन

मधुमेहाचा इतिहास बहुधा साखरेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मी तो वाचू लागलो तेव्हा माझे लक्ष मात्र रोग्याच्या पायांकडे आणि त्याच्या मनाकडे गेले. या दोहोंचा परस्परसंबंध ओळखायला शास्त्राला फार काळ लागला. घराघरांतून तर तो अजूनही ओळखला गेलेला नाही.

चरकसंहितेत प्रमेहाची पूर्वलक्षणे सांगताना लघवीला मुंग्या लागतात हे जसे नोंदले आहे, तसेच हातापायांना बधिरपणा येतो व त्यांची आग होते, हेही नोंदले आहे. ज्या तळपायाला खालचा खडा कळू नये त्याच तळपायात निखारे फुलावेत, ही विसंगती आपल्या प्राचीन वैद्यांच्या नजरेतून सुटली नव्हती.

मनाची बाजू पुढे आणली ती इंग्लंडातील थॉमस विलिसने. मेंदू आणि मज्जातंतू हा त्याच्या खास अभ्यासाचा विषय. १६७४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने मधुमेह्याच्या लघवीचा गोडवा वर्णिला, आणि रोगाच्या कारणांत दीर्घ शोकाचीही गणना केली. पुढे १८४९ मध्ये फ्रान्समध्ये क्लोद बर्नार्दने सशाच्या मेंदूच्या तळाशी सुई टोचली, तो लघवीत साखर उतरली. साहजिकच आधी मज्जासंस्था बिघडते व मग मधुमेह होतो, या मताला बळ आले. १८६४ मध्ये मार्शाल द काल्वी याने हा क्रम उलटा केला: मधुमेह आधी, मज्जातंतूंची हानी नंतर. १८८५ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक पेव्हीने जड झालेले पाय, बधिर तळवे आणि विजेसारख्या कळा यांचे तपशीलवार वर्णन केले. पायांचा हिशेब असा लागला. शोकाचा मात्र राहून गेला.

१९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन हाती आले. जे मूल काही महिन्यांत दगावायचे ते आता म्हातारपण पाहू लागले, हे केवढे वरदान! परंतु आयुष्य वाढले तशी मज्जातंतूंची झीजही सोबतीला आली. शरीरातील सर्वांत लांब तंतू पायांच्या बोटांपर्यंत गेलेले असतात. म्हणून झीज तेथून सुरू होते आणि मोजा चढवावा तशी वर सरकते.

अशा रोग्यांत विषण्णता वारंवार आढळते. कळा सोसणारा माणूस खिन्न होणारच, असे कुणीही म्हणेल. पण २००५ मध्ये लोरेटा व्हिलेकिते व त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जातंतूंची हानी झालेल्या ४९४ मधुमेह्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातील निष्कर्ष मला विलक्षण वाटला. वेदनेचा विषण्णतेशी संबंध होताच. परंतु त्याहून घट्ट संबंध होता तो चालताना तोल जाण्याशी. रोजची कामे होईनाशी होतात, घरातले आपले स्थान बदलले असे वाटू लागते, आणि त्या वाटेने विषाद मनात शिरतो.

कादंबऱ्या लिहिणाऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही. कळ निदान सांगता तरी येते. पण पायातली चप्पल केव्हा निसटली हे ज्याला कळले नाही, तो माणूस ते कुणाला सांगणार? तो देवळाच्या पायऱ्या टाळतो, मग बाजार टाळतो, शेवटी ओटीवरच बसून राहतो. घरचे म्हणतात, "हल्ली यांचे कशात लक्षच नाही." त्यांना तो स्वभाव वाटतो, किंवा वयाचा परिणाम. वस्तुतः त्याच्या पायांखालची जमीनच नाहीशी झालेली असते.

आणि हे चक्र येथे थांबत नाही. खचलेला माणूस पथ्य सोडतो, औषध चुकवतो, रात्री तळवे तपासून पाहत नाही. न कळलेल्या जखमेतून पाय गमावण्याची पाळी येते ती अशीच. शोकाने मधुमेह होतो की मधुमेहाने शोक, हा विलिसच्या काळापासूनचा वाद. आज दोन्ही बाजूंना तथ्य आढळते. २००४ मध्ये तर अमेरिकेत ड्युलॉक्सेटीन हे एकच औषध विषण्णतेसाठी आणि मधुमेहातील मज्जातंतूंच्या वेदनेसाठीही मान्य झाले.

उपचार डॉक्टरांनी करावेत. पण ओटीवर बसलेल्या माणसाला साखर किती आली, एवढेच आपण विचारतो. चालताना पाऊल कळते का, हेही त्याच्याजवळ बसून विचारायला हवे. त्या प्रश्नाला पदवी लागत नाही.