सरकार जेथें प्रतिवादी असतें

राजाच्या हातून चूक होऊंच शकत नाहीं, हें इंग्रजी कायद्याचें जुनें सूत्र. त्याचा व्यावहारिक अर्थ इतकाच कीं, न्यायासन ज्याचें, त्यालाच त्याच्या संमतीवांचून त्या न्यायासनासमोर उभें करतां येत नाहीं. अमेरिकेनें १७७६ सालीं राजा झुगारून दिला. पण हें सूत्र मात्र नव्या प्रजासत्ताकांत जसेंच्या तसें राहिलें. सरकारकडून ज्याचें येणें असेल, त्यानें कोर्टांत न जातां काँग्रेसकडे, म्हणजे तेथील विधिमंडळाकडे, अर्ज करावा आणि वाट पाहावी, अशी रीत पडली.

ही वाट किती लांबे, तें व्हर्जिनियांतील अ‍ॅमी डार्डिन या विधवेच्या प्रकरणावरून दिसतें. १७८१ सालीं, स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमींत, डार्डिन कुटुंबाचा एक उमदा घोडा सैन्याच्या कामासाठीं नेण्यांत आला. त्याच्या किंमतीसाठीं अर्जांमागून अर्ज झाले. मागणीची मुदत टळली आहे, हा आक्षेप पुनःपुन्हा आड आला. भरपाई मंजूर झाली ती १८१५ सालीं ! घोड्याची मागणी खोटी होती असें नव्हे. ती तपासण्याचें काम ज्यांच्याकडे होतें, ते न्यायाधीश नव्हते, एवढेंच.

कायदे करणाऱ्या सभेला साक्षीपुरावे तोलण्यास सवड नसते, आणि अर्जदाराचें भवितव्य वशिल्यावर अवलंबून राहतें. म्हणून १८५५ सालीं, अध्यक्ष पिअर्स यांच्या कारकीर्दींत, तीन न्यायाधीशांचें 'कोर्ट ऑफ क्लेम्स' स्थापन झालें. परंतु या कोर्टाला नांव कोर्टाचें आणि अधिकार सल्लागाराचा ! त्यानें चौकशी करून काँग्रेसला अहवाल पाठवावा, आणि काँग्रेसनें तेंच प्रकरण पुन्हा पहिल्यापासून तपासावें, असा प्रकार सुरू झाला. १८६१ च्या डिसेंबरांतील आपल्या वार्षिक संदेशांत अध्यक्ष लिंकन यांनीं या उणीवेवर बोट ठेवलें. नागरिकानागरिकांमधील न्याय करणें हें सरकारचें जसें कर्तव्य, तसेंच स्वतःविरुद्धचा न्याय विलंब न लावतां देणें हेंही त्याचें कर्तव्य होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. यादवी युद्ध पेटलेलें असतांना हा विचार मांडला गेला, हें विशेष.

१८६३ च्या कायद्यानें न्यायाधीशांची संख्या पांच झाली व अंतिम निकाल देण्याचा अधिकार मिळाला. तरीही त्याच कायद्यांतील एका कलमामुळें रक्कम देण्याची दोरी खजिन्याच्या मंत्र्याच्या हातीं राहिली. ज्या निकालावर मंत्र्याची नजर फिरावयाची, तो न्यायनिर्णय कसला, अशा भूमिकेनें १८६५ सालीं सुप्रीम कोर्टानें अशा अपिलांची सुनावणीच नाकारली. पुढील वर्षीं काँग्रेसनें तें कलम रद्द केलें. न्यायासनाला न्यायासनपण आलें तें तेव्हां.

त्याची कसोटी लवकरच लागली. दक्षिणेंतील विल्सन नांवाच्या गृहस्थाचा कापूस युद्धकाळांत सरकारनें ताब्यांत घेऊन विकला होता. अध्यक्षांच्या माफीनाम्याचा आधार घेऊन त्याच्या मिळकतीच्या व्यवस्थापकानें, क्लाइन यानें, कोर्ट ऑफ क्लेम्समध्यें दावा जिंकला. तेव्हां, १८७० सालीं, काँग्रेसनें कायदा करून असे माफीनामे दावेदारांच्याच विरुद्ध पुरावा ठरविले. १८७२ मध्यें सुप्रीम कोर्टानें हा हस्तक्षेप घटनाबाह्य ठरविला. प्रतिवादी सरकारनें चालू दाव्याचा निकाल कायद्याच्या कलमानें लिहून द्यावा, हें न्यायाला मानवणारें नव्हतें.

१८८७ च्या टकर कायद्यानें राज्यघटना, कायदे व करार यांवर आधारलेल्या दाव्यांना हें द्वार मोकळें झालें. मात्र आदिवासी जमातींशीं केलेल्या तहांवरील दावे १८६३ सालींच वगळलेले होते. १८६८ च्या तहानें सू जमातीच्या राखीव मुलुखांत आलेले ब्लॅक हिल्स हे डोंगर, तेथें सोनें सांपडल्यावर, १८७७ सालीं सरकारनें घेतले. कोर्टांत जाण्यासाठीं जमातीला १९२० सालीं खास कायदा मिळेपर्यंत थांबावें लागलें. पहिला दावा फेटाळला गेला. दुसऱ्याचा निकाल सुप्रीम कोर्टानें १९८० सालीं कायम केला. मुद्दल व १८७७ पासूनचें व्याज मिळून रक्कम दहा कोटी डॉलरांच्या वर गेली. जमातीनें ती नाकारली. त्यांना पैका नको होता, डोंगर हवे होते; आणि डोंगर परत देण्याचा अधिकार त्या कोर्टाला नव्हता.

१९८२ सालीं हें जुनें कोर्ट मोडून त्याचें काम दोन न्यायालयांत वांटलें गेलें. प्राथमिक दावे ऐकणाऱ्या न्यायालयास १९९२ पासून 'कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स' म्हणतात. तेथें वादी रोज निराळा असतो, प्रतिवादी मात्र एकच : संयुक्त संस्थानांचें सरकार. एका घोड्याच्या किंमतीसाठीं चौतीस वर्षें थांबावयास लावणारें राज्य स्वतःच्याच न्यायाधीशापुढें मान तुकवूं लागलें, हें या इतिहासाचें श्रेय. आणि पैशानें न फिटणारें ऋण अद्याप तसेंच उरलें आहे, ही त्याची मर्यादा.