पीठ कोणी तिंबलं? : ओसाकाच्या ब्रेडयंत्राची गोष्ट

फेब्रुवारी १९८७मध्ये जपानच्या मात्सुशिता कंपनीने ‘होम बेकरी’ नावाचं एक यंत्र बाजारात आणलं. ही तीच कंपनी, जिचा माल आपल्याकडे नॅशनल आणि पॅनासॉनिक या नावांनी घरोघरी पोचला. यंत्र म्हणजे ओट्यावर मावेल एवढा डबा. आत एक भांडं, भांड्याच्या तळाशी फिरणारं एक पातं. रात्री मैदा, पाणी, मीठ, साखर, लोणी आणि यीस्ट मोजून घालायचं आणि बटण दाबून झोपायचं. पीठ मळणं, फुगवणं, पुन्हा दाबून फुगवणं आणि भाजणं हे सगळं त्या एकाच भांड्यात होऊन सकाळी ताजा ब्रेड तयार. किंमत ३६,००० येन, म्हणजे स्वस्त अजिबात नाही. तरी पहिल्या वर्षात ५,३६,००० यंत्रं विकली गेली.

पुढे व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत हे यंत्र भलतंच गाजलं. पण त्याची जी गोष्ट तिथे सांगितली जाते, तिच्यात एक गाळलेली जागा आहे. तिथे पोचायचं तर थोडं मागून यायला हवं.

दोन बंदरं, एक शब्द

जपानी भाषेत ब्रेडला ‘पान’ म्हणतात आणि आपण ‘पाव’ म्हणतो. दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आले. पोर्तुगिजांनी १५१०मध्ये गोवा घेतलं आणि १५४३मध्ये त्यांची माणसं जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरली. दोन्ही ठिकाणचे लोक भातखाऊ, दोन्ही ठिकाणी घरात ब्रेडची भट्टी नाही. गोव्यात पोर्तुगीज साडेचारशे वर्षं राहिले आणि पाव भाजणं हा पोदेरांचा पिढीजात धंदा झाला. जपानने मात्र १६३९मध्ये पोर्तुगिजांना दारं बंद केली आणि पाव जवळजवळ विस्मरणात गेला.

पण दोन्हीकडे एक अडचण सारखी होती. पीठ फुगवायचं कशाने? गोव्याच्या पोदेरांनी माडाची सूर वापरली. जपानमध्ये किमुरा यासुबेई या बेकरने तांदूळ आंबवून केलेलं विरजण वापरलं, त्यात लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरण भरलं आणि १८७४मध्ये तोक्योत ‘आनपान’ विकायला काढला. पुढच्या वर्षी तो मेइजी सम्राटाच्या पानात पोचला. अशा कसबाला पुस्तक नव्हतं. विरजण आज किती आंबट झालंय, पीठ हाताला कसं लागतंय, हे उस्तादाजवळ उभं राहूनच कळायचं. आपल्याकडे कणीक भिजवताना पाणी किती, असं विचारलं तर आई ‘अंदाजाने’ म्हणते, ते असंच.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी मुलांना शाळेच्या जेवणात अमेरिकेतून आलेल्या गव्हाचा ब्रेड मिळू लागला. १९५४मध्ये शालेय भोजनाचा कायदा झाला. ती मुलं मोठी झाली, संसाराला लागली आणि सकाळच्या टेबलावर ब्रेड हक्काने येऊन बसला. पण तो यायचा दुकानातूनच.

भाताचं भांडं

घरातलं एक कसब मात्र आधीच डब्यात बंद झालं होतं, ते म्हणजे भात. १९५५च्या अखेरीस तोशिबाने आपोआप बंद होणारा विजेचा भातकुकर बाजारात आणला. कल्पना साकार केली होती योशितादा मिनामी या छोट्या कारखानदाराने आणि पुन्हापुन्हा भात शिजवून चाचण्या घेतल्या त्यांच्या पत्नी फुमिको यांनी. उकळी आल्यावर सुमारे २० मिनिटांनी आच थांबली पाहिजे, हे सूत्र पक्कं झालं. मग दोन भांडी एकात एक बसवली आणि बाहेरच्या भांड्यात जरासं पाणी ठेवलं. ते आटलं की तापमान चढतं, धातूची पट्टी वाकते आणि वीज बंद होते. पहाटे उठून चूल फुंकणाऱ्या बाईची झोप या पट्टीने वाढवली. कौतुक यंत्राचं झालं, पण त्याला ‘भात झाला’ म्हणजे काय, हे शिकवलं एका बाईच्या अनुभवाने.

ब्रेडची गोष्ट याहून अवघड होती. भाताला वेळ आणि आच कळली की पुरतं. ब्रेडला हात लागतो. मैद्यात पाणी पडलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि ग्लूटेनची जाळी होते. यीस्ट जो वायू सोडतं, तो या जाळीत अडकतो म्हणून ब्रेड फुगतो. जाळी कच्ची राहिली तर वायू निसटतो, फार ताणली तर तुटते. मळणं म्हणजे ही जाळी विणणं.

कारखान्यांनी यावर आपला तोडगा काढला होता. १९६१मध्ये इंग्लंडातल्या चॉर्लीवूड इथल्या संशोधन केंद्राने एक पद्धत बसवली. जोरदार यंत्राने पीठ काही मिनिटांत घुसळायचं, तासन्‌तास फुगवणं टाळायचं आणि उरलेलं काम घटकद्रव्यांवर सोपवायचं. ब्रेड झटपट आणि स्वस्त झाला, कमी प्रथिनांचा गहूही त्यात चालू लागला. यंत्राला जमेल तसा ब्रेड बदलला गेला. ओसाकात नेमका उलटा प्रयत्न झाला. तिथे बेकरला जमतं तसं यंत्र बदलायचं होतं.

इकुको तनाकांची उमेदवारी

मात्सुशिताने १९८३मध्ये भातकुकर, तापणारी उपकरणं आणि फिरणारी उपकरणं यांचे तीन विभाग एकत्र केले. एकाला तापमान कळत होतं, एकाला भाजणं, एकाला मोटर. तिघांना मिळून करता येईल अशी वस्तू म्हणजे ब्रेडयंत्र. पण १९८५पर्यंत ब्रेड काही धड होईना. वरून करपायचा, आत कच्चा राहायचा. अभियंत्यांनी यंत्राने मळलेल्या आणि बेकरने मळलेल्या पिठाची क्ष-किरण छायाचित्रंसुद्धा शेजारी ठेवून पाहिली. उत्तर मिळालं नाही.

तेव्हा सॉफ्टवेअरचं काम पाहणाऱ्या इकुको तनाका यांनी एक साधा उपाय सुचवला. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा ब्रेड शहरात सगळ्यात चांगला म्हणून नावाजलेला होता. मग तिथल्या मुख्य बेकरकडे जाऊन शिकायला काय हरकत आहे? आणि त्या गेल्या. हे ज्या वर्षी घडत होतं, त्याच वर्षी जपानमध्ये नोकरीत स्त्री-पुरुषांना समान संधी देणारा कायदा मंजूर झाला, एवढं सांगितलं की काळ लक्षात येईल.

तनाकांना दिसलं की तो बेकर पीठ नुसतं दाबत नव्हता, ताणताना त्याला एक पीळ देत होता. खरी अडचण यानंतरची होती. हाताची ती हालचाल अभियंत्यांच्या भाषेत सांगायची कशी? तनाका ‘पिळून ताणणं’ असा शब्द वापरत आणि पातं अजून जोरात, आता हळू, असं सांगत राहत. अभियंते बदल करत आणि पुन्हा पीठ मळून पाहत. जवळजवळ वर्षभर हे चाललं. शेवटी भांड्याच्या आतल्या भिंतीवर खास कंगोरे बसवले. पातं फिरताना पीठ त्यांना अडतं आणि ताणलं जातं. बेकरच्या दुसऱ्या हाताचं काम ते कंगोरे करू लागले.

एक प्रश्न उरला होता. उन्हाळ्याच्या रात्री यीस्ट वेळेआधीच भडकायचं आणि पीठ जास्त आंबायचं. थंड करणारी यंत्रणा लावली तर किंमत वाढणार. मग यीस्ट सुरुवातीला न घालता पीठ मळलं गेल्यावर आत सोडायचं ठरलं. हा उपायही यंत्रापेक्षा स्वयंपाक जाणणाऱ्याला सुचावा असाच.

गाळलेली जागा

१९९१मध्ये इकुजिरो नोनाका यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या लेखात ही हकिगत सांगितली. पुढे १९९५मध्ये हिरोताका ताकेउचींबरोबर लिहिलेल्या ‘द नॉलेज-क्रिएटिंग कंपनी’ या पुस्तकात ती सविस्तर आली. मायकेल पोलान्यी या तत्त्वज्ञाने ‘अव्यक्त ज्ञान’ अशी कल्पना मांडली होती, म्हणजे हाताला ठाऊक असलेलं पण शब्दांत न येणारं ज्ञान. नोनाकांचं म्हणणं असं की तनाकांनी ते अव्यक्त ज्ञान आत्मसात केलं, मग व्यक्त केलं आणि यंत्रात उतरवलं. जगभरच्या कंपन्यांना हे फार आवडलं. कामगाराच्या हातातलं कसब काढून घेऊन कागदावर आणता येतं, असा त्याचा सोयीचा अर्थ निघत होता.

२००७मध्ये रॉड्रिगो रिबेरो आणि हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञांनी यावर बोट ठेवलं. यंत्रात बेकरचं ज्ञान गेलेलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. गेली ती एक हालचाल, आणि तीही दरवेळी तशीच होणारी. बाकीचं कसब यंत्राच्या भोवती वाटलं गेलं. ठरावीक प्रतीचा मैदा गिरणीने द्यायचा, मोजमाप वापरणाऱ्याने चोख करायचं आणि ब्रेड ‘चांगला झाला’ की नाही हेही माणसानेच ठरवायचं.

हे यंत्र वापरणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पावसाळ्यात दमट झालेलं पीठ कमी पाणी मागतं. पहिल्या दहा मिनिटांत झाकण उघडून गोळा पाहावा लागतो. भांड्याच्या कडेला चिकटत असेल तर चमचाभर पीठ, कोरडा खडखडत असेल तर चमचाभर पाणी. आटा वापरला तर कोंडा पाणी पितो, म्हणून हिशोब पुन्हा बदलतो. यंत्राला यातलं काही कळत नाही. ‘अंदाज’ अजून ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाकडेच आहे.

यंत्राने काही दिलं नाही, असं नाही. घरात भट्टी नसलेल्या लाखो लोकांना स्वतःचा ब्रेड मिळाला, पहाटेची झोप मिळाली, काय खातो यावर ताबा मिळाला. २०१०मध्ये सान्योने अख्ख्या तांदळापासून ब्रेड करणारं ‘गोपान’ यंत्र काढलं, तेव्हा मागणी इतकी आली की नोंदणी थांबवावी लागली. तांदळाच्या देशात पाहुणा म्हणून आलेला ब्रेड आता तांदळाचाच होऊ लागला होता.

पण नोनाकांचा १९९१चा लेख काढून पाहा. त्यात तनाकांचं नाव आहे, कंपनीचं आहे, हॉटेलचंही आहे. ज्याचे हात पाहून ते कंगोरे घडले, तो मात्र नुसता ‘मुख्य बेकर’ आहे. फुमिको मिनामींचं नाव निदान भातकुकरच्या इतिहासात टिकलं. या माणसाने एका अनोळखी बाईला आपल्या टेबलाशी उभं राहू दिलं आणि आपलं कसब दाखवलं. त्याच्या हाताची एक लकब पाच लाख घरांत पोचली.

आज कारागिरांच्या हालचाली टिपून यंत्रांना शिकवण्याची भाषा सगळीकडे ऐकू येते. अशा वेळी ओसाकाची ही गोष्ट पुरती ऐकायला हवी. क्ष-किरणांना जे दिसलं नाही, ते उमेदवारी करणाऱ्या बाईला दिसलं. आणि जे यंत्रात गेलं, तो एका माणसाच्या एका ब्रेडचा एक पीळ होता. पुढचा वेगळा ब्रेड यंत्राला शिकवायचा झाला तर पुन्हा कोणाच्या तरी शेजारी उभं राहावं लागेल. तेव्हा शिकवणारे हात शिल्लक असले पाहिजेत, आणि त्या हातांच्या माणसाचं नावही लिहून ठेवलं पाहिजे.