बॅटल क्रूझर : दोष चिलखताचा की व्यवहाराचा?

विसाव्या शतकाच्या प्रारंभी निर्माण झालेल्या नौकाप्रकारांपैकी बॅटल क्रूझरइतकी टीका क्वचितच दुसऱ्या प्रकाराच्या वाट्यास आली असेल. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत ब्रिटनच्या 'इन्डिफॅटिगेबल', 'क्वीन मेरी' व 'इन्व्हिन्सिबल' या तीन बॅटल क्रूझर स्फोट होऊन बुडाल्या आणि त्यांवरील ३,३०० हून अधिक माणसे प्राणास मुकली. वेगासाठी चिलखताचा बळी दिल्याचे हे फळ होय, असा निष्कर्ष पुष्कळ ग्रंथांत आढळतो. तो कितपत टिकतो हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

या प्रकाराचे जनकत्व १९०४ मध्ये फर्स्ट सी लॉर्ड झालेल्या ॲडमिरल जॉन फिशर यांच्याकडे जाते. बॅटलशिपच्या जातीच्या तोफा आणि क्रूझरचा वेग एकाच नौकेत आणावा, ही त्यांची कल्पना. १९०८ मध्ये पूर्ण झालेल्या 'इन्व्हिन्सिबल'वर १२ इंची ८ तोफा असून तिचा वेग ताशी २५ सागरी मैल होता. 'ड्रेडनॉट' या बॅटलशिपचा वेग २१ होता. मात्र 'ड्रेडनॉट'चा चिलखती पट्टा ११ इंच जाड, तर 'इन्व्हिन्सिबल'चा अवघा ६ इंच. शत्रूच्या क्रूझर गाठून त्यांचा नाश करणे हे अशा नौकेचे स्वाभाविक कार्य, आणि ते तिने ८ डिसेंबर १९१४ रोजी फॉकलंड बेटांजवळ पार पाडले. 'इन्व्हिन्सिबल' व 'इन्फ्लेक्सिबल' यांनी तेथे फॉन श्पे यांच्या 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नायझेनाउ' या क्रूझर बुडविल्या.

जटलंड येथे गाठ पडली ती समान शस्त्रबळाच्या जर्मन बॅटल क्रूझरशी. जर्मन नौकांचे चिलखत सामान्यतः अधिक जाड होते, हे खरे. तथापि 'झायड्लिट्स' व 'डेरफ्लिंगर' यांच्या तोफांच्या बुरुजांतही ब्रिटिश गोळे शिरले, आत भयंकर आगी लागल्या. पण एकही जर्मन बॅटल क्रूझर स्फोटाने फुटली नाही. तेव्हा चिलखत भेदले जाणे आणि नौकेचा विध्वंस होणे या दोन गोष्टी भिन्न मानावयास हव्यात.

या दोहोंमधील दुवा म्हणजे तोफेची दारू. ब्रिटिश नौकांवर कॉर्डाइट रेशमी पिशव्यांत भरलेले असे, तर जर्मन तोफांचा मुख्य बार पितळी नळकांड्यात असे. शिवाय तोफा झपाट्याने डागता याव्यात म्हणून ब्रिटिश नौकांवर कोठारांची दारे उघडी ठेवण्याची आणि पिशव्या बाहेर रचून ठेवण्याची वहिवाट पडली होती. २४ जानेवारी १९१५ रोजी डॉगर बँकच्या लढाईत 'झायड्लिट्स'चे मागील दोन्ही बुरूज जळून दीडशेहून अधिक माणसे दगावली; त्यापासून जर्मनांनी धडा घेतला. ब्रिटिशांना त्या आगीचे मर्म कळले नाही.

अपवाद होता तो 'लायन'चा. तेथील मुख्य गनर अलेक्झांडर ग्रँट यांनी १९१५ मध्ये बाहेर काढावयाच्या पिशव्यांवर कडक मर्यादा घातली होती. जटलंड येथे या नौकेच्या मधल्या बुरुजावर गोळा आदळला, तेव्हा मरणोन्मुख मेजर फ्रान्सिस हार्वे यांनी कोठारात पाणी सोडण्याचा हुकूम दिला. 'लायन' वाचली. तिचे चिलखतही 'क्वीन मेरी'सारखेच होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

लढाईनंतर थर्ड सी लॉर्ड ट्यूडर यांनी दोष दारूच्या हाताळणीवर ठेवला. परंतु जेलिको व बीटी या सेनानींना ते रुचले नाही. पातळ चिलखताचा खुलासा कोणासही व्यक्तिशः दोषी ठरवीत नसल्यामुळे तोच रूढ झाला. निकोलस लँबर्ट यांनी १९९८ मध्ये या कागदपत्रांकडे अभ्यासकांचे लक्ष पुन्हा वेधले.

याचा अर्थ चिलखत निरर्थक होते असा नव्हे. २४ मे १९४१ रोजी 'बिस्मार्क'च्या माऱ्याने 'हूड' फुटली आणि १,४१८ पैकी केवळ ३ जण वाचले. तेथे कोठारापर्यंत पोहोचलेला गोळाच कारणीभूत मानला जातो. पण जटलंडचा दोष केवळ आराखड्यावर लादणे म्हणजे ज्यांच्या आचरणाची चौकशी व्हावयाची, त्यांचीच साक्ष अंतिम मानणे होय. यंत्राचा इतिहास लिहिताना ते हाताळणाऱ्यांच्या सवयींचाही इतिहास लिहावा लागतो, हेच यावरून दिसून येते.