क्लब सँडविचमधली तिसरी स्लाइस

"डॉक्टर, बाहेर गेलो की मी जेवत नाही हो. एक चिकन क्लब सँडविच घेतो, बस्स." साठीतले एक काका मला हे सांगत होते. समोर रिपोर्ट होता : एचबीए१सी ८.४, आणि रक्तदाबही औषध चालू असताना वाढलेला. घरी भात मोजून, साखर बंद, मीठ कमी. मग हे आकडे कुठून आले? काकांचं काम फिरतीचं. आठवड्यातून चार वेळा बाहेर खाणं व्हायचं, आणि चारही वेळा हेच "हलकं" सँडविच.

हलकं हा शब्द आपण सँडविचला का लावतो, ते समजायला त्याचा थोडा इतिहास बघू या. तुम्हालाही तो उपयोगी पडेल.

क्लब सँडविच अमेरिकेतलं. न्यूयॉर्क राज्यात साराटोगा स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. तिथे रिचर्ड कॅनफिल्डच्या जुगाराच्या क्लबात हे सँडविच जन्मलं, अशी कथा नेहमी सांगितली जाते. पण कॅनफिल्डने ती जागा घेतली १८९४ मध्ये, आणि न्यूयॉर्कच्या 'द इव्हिनिंग वर्ल्ड' या वर्तमानपत्रात १८८९ च्या नोव्हेंबरमध्येच 'युनियन क्लब सँडविच'चा उल्लेख सापडतो. युनियन क्लब म्हणजे न्यूयॉर्कमधल्या श्रीमंत पुरुषांचा क्लब. तेव्हा कॅनफिल्डच्या कथेवर मी तरी फार भरवसा ठेवत नाही.

त्या छोट्या बातमीतली कृती मात्र नीट वाचा. ग्रॅहॅम ब्रेडचे भाजलेले दोन तुकडे, त्यांच्यामध्ये टर्की किंवा चिकन आणि हॅमचा थर, गरम गरम वाढायचं. संपली कृती. मेयोनीज नाही, बेकन नाही, तिसरी स्लाइस नाही. शेजारी फ्रेंच फ्राइजचा ढीगही नाही.

आणि ब्रेड कुठला? ग्रॅहॅम. सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम हा अमेरिकन धर्मोपदेशक. कोंडा काढलेला पांढरा ब्रेड खाऊ नका, अख्ख्या गव्हाच्या जाडसर पिठाचा खा, असं तो गावोगाव सांगत फिरायचा. त्याची बाकीची बरीच मतं विक्षिप्त होती, मसाले आणि मांस यांच्यावरही त्याचा राग होता. १८३७ मध्ये बोस्टनमध्ये बेकरीवाले आणि खाटीक चिडून त्याच्या व्याख्यानावर चालून गेले होते. पण कोंड्याच्या बाबतीत म्हातारा बरोबर होता. पुढे पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या, मैदा स्वस्त झाला आणि पांढरा ब्रेड सगळीकडे पसरला. कोंड्याबरोबर गव्हातला तंतू आणि ब जीवनसत्त्वांचा मोठा वाटाही निघून गेला. म्हणजे ज्या सँडविचला आज आपण मैद्याचा पदार्थ मानतो, त्याची सगळ्यात जुनी नोंद गव्हाच्या ब्रेडची आहे! (आपल्याकडचा 'ब्राउन ब्रेड' पाहून लगेच खूश होऊ नका. पाकिटाच्या मागे पहिला घटक मैदा असेल आणि पुढे रंग म्हणून १५० क्रमांकाचा कॅरॅमल असेल, तर तो रंगवलेला पांढरा ब्रेडच.)

चिकनचंही तसंच. त्या काळी अमेरिकेत कोंबडी अंड्यांसाठी पाळत, मांस म्हणून ती महाग, रविवारची चैन. १९२३ मध्ये डेलावेअरमधल्या सेसिल स्टील या बाईंनी ५० पिल्लं मागवली आणि चुकून ५०० आली. त्यांनी ती परत न पाठवता वाढवून मांसासाठी विकली. ब्रॉयलर धंद्याची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मोजतात. क्लबातली चैन हळूहळू रोजची झाली ती अशी.

तिसरी स्लाइस मध्ये कधी शिरली याचा ठाम दाखला नाही, पण विसाव्या शतकात ती पक्की बसली. बेकन, टोमॅटो, लेट्यूस, मेयोनीज हेही आले. जेम्स बिअर्ड या नावाजलेल्या अमेरिकन पाककृतीलेखकाला हा तीन मजली प्रकार अजिबात पसंत नव्हता. खरं क्लब सँडविच दोन स्लाइसचंच, असं तो ठणकावून सांगे. आपल्याकडच्या हॉटेलांत बेकनच्या जागी बहुधा अंडं आणि चीज स्लाइस येते, चिकन मेयोनीजमध्ये कालवलेलं असतं. तीन मजले मात्र कायम.

आता ते इतकं आवडतं का? ब्रेड भाजला की पिठातली साखर आणि प्रथिनं यांच्यात रासायनिक क्रिया होते. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचं वर्णन १९१२ मध्ये केलं. तो खमंग वास तिचाच. चिकन, टोमॅटो आणि चीज यांत ग्लुटामेट असतं, त्यामुळे तोंड रुचकर होतं. वर मेयोनीजची स्निग्धता. शिवाय एकाच चवीचं जेवण लवकर नको होतं, पण कुरकुरीत, मऊ, गार, खारट असं आलटून पालटून मिळालं की माणूस पोट भरल्यावरही खात राहतो. चार त्रिकोण कधी संपले ते कळत नाही.

बेकन असलेल्या मूळ अमेरिकन प्रकाराचा अंदाजे हिशोब सांगतो. ब्रेडच्या तीन स्लाइस : साधारण २३० कॅलरी. शिजवलेलं चिकन ८० ग्रॅम : १३० कॅलरी आणि जवळपास २५ ग्रॅम प्रथिनं. ही सगळ्यात चांगली गोष्ट, ती सोडू नका. बेकनच्या तीन पट्ट्या १३०. दोन मोठे चमचे मेयोनीज १९०, म्हणजे चिकनपेक्षा जास्त! एकूण सातशेच्या आसपास, आणि फ्राइज धरल्या तर हजार. सोडियम ब्रेड, बेकन आणि मेयोनीज मिळून हजार मिलिग्रॅमच्या पुढे जातं. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसभराची मर्यादा २००० ची आहे. बेकन, हॅम, सॉसेज यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट : २०१५ मध्ये याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस आतड्याच्या कर्करोगाचं कारण ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. वर्षातून दोनदा खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही.

काकांच्या सँडविचमध्ये बेकन नव्हतं, पण अंडं, दोन चीज स्लाइस आणि लोणी होतं, म्हणजे हिशोब फारसा बदलत नव्हता. सँडविच बंद करा असं मी त्यांना सांगितलं नाही. फिरतीच्या माणसाला वडापाव आणि समोशापेक्षा त्यातलं चिकन बरं. मी त्यांना १८८९ ची ती कृती सांगितली : दोन स्लाइस, शक्यतो गव्हाच्या, मध्ये चिकन, मेयोनीजऐवजी हिरवी चटणी, काकडी-टोमॅटो भरपूर, फ्राइज नकोत. गोळ्यांत बदल केला नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

तीन महिन्यांनी काका आले. एचबीए१सी ७.६. अजून ७ च्या खाली आणायचं आहे, पण दिशा बरोबर आहे. तक्रार एकच होती. "मधली स्लाइस काढायला सांगतो डॉक्टर, पण बिल पूर्ण तीन स्लाइसचंच लावतात."